शिंगाची फणी आणि राणीचा हार

मंडळी, दागिन्याची किंमत कशात असते? हा प्रश्न तुम्ही एखाद्या सराफाला विचारलात, तर तो तराजूकडे बोट दाखवील. सोने किती तोळे, कस किती, खडे खरे की खोटे, एवढे पाहिले की हिशेब झाला. घडणावळ म्हणून काही असते खरी. पण ती दागिना घेताना द्यायची, मोडताना ती परत मिळत नाही. मोडीच्या व्यवहारात कारागिराच्या हाताला किंमत शून्य. हा हिशेब आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही वावगे आहे असे आपल्या मनातही येत नाही.

पण एक कारागीर असा होऊन गेला, की त्याने हा हिशेबच उलटा करून दाखविला. त्याने गुरांच्या शिंगाची फणी केली आणि ती हिऱ्यामाणकांच्या पंगतीला नेऊन बसविली. त्याची हकीकत आज सांगायची आहे. मात्र ती नीट कळावी म्हणून आधी एका लिलावाची हकीकत ऐकावी लागेल.

हा लिलाव झाला फ्रान्स देशात. तिथली बादशाही १८७० साली संपली आणि प्रजासत्ताक राज्य आले. बादशहा गेला, पण राजघराण्याचे जवाहीर सरकारी खजिन्यात तसेच पडून होते. नव्या राज्यकर्त्यांना धास्ती अशी, की मुकुट शाबूत आहे तोवर कोणी ना कोणी तो डोक्यावर घालायला येणारच. तेव्हा त्यांनी रीतसर कायदा केला आणि १८८७ च्या मे महिन्यात पॅरिस शहरी या जवाहिराचा जाहीर लिलाव पुकारला. काही मोजक्या वस्तू संग्रहालयांसाठी राखून ठेवल्या. बाकी सारे विकायला काढले. देशोदेशींचे जवाहिरे जमले. अमेरिकेतल्या टिफनी पेढीने त्यातला मोठा वाटा उचलला.

या जवाहिरात युजेनी सम्राज्ञीचा एक साज होता. १८५५ साली बाप्स्त नावाच्या जवाहिऱ्याने तो घडविला होता. बारीक, आंबटगोड फळांचे घोस धरणारे एक झुडूप तिकडे असते. त्या झुडपाची पाने त्याने हिऱ्यांत उतरविली होती. पानाला पान जोडून केलेली ती एक वेलच होती म्हणा ना! लिलावात त्या वेलीचे तुकडे झाले आणि एकेक तुकडा निराळ्या हाती गेला. जवाहिरातले कितीतरी दागिने असेच मोडले, खडे सुटे झाले आणि नव्या कोंदणांत जाऊन बसले. घेणाऱ्याला पान नको होते, हिरा हवा होता. हिरा पानातून काढला तरी हिराच राहतो. पान मात्र राहत नाही.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून जुन्या राजघराण्यांचे दागिने चोरीला गेले, तेव्हा जाणकारांना पहिली चिंता पडली ती हीच, की चोर आता दागिने मोडून खडे सुटे करतील. ज्याची किंमत खड्यात, त्याच्या नशिबी मोड ही ठरलेली.

आता वळू आपल्या कारागिराकडे. त्याचे नाव रेने लालीक. जन्म १८६० सालचा. फ्रान्सच्या शांपेन प्रांतात, द्राक्षांच्या मळ्यांमध्ये वसलेले एक लहानसे गाव आहे, तिथला हा. योगायोग असा, की त्या गावाच्या नावाचा उच्चार आपल्या 'आई' या शब्दासारखाच होतो. आईबापांनी पुढे बिऱ्हाड पॅरिसकडे हलविले. परंतु मुलाची सुट्टी गावीच जायची. मळे, कुंपणे, ओढ्याकाठचे गवत, त्यावरचे किडे, हीच त्याची पहिली शाळा. सोळा वर्षांचा असताना, १८७६ साली, वडील वारले आणि पोराला पॅरिसच्या ओकोक नावाच्या जवाहिऱ्याकडे उमेदवारीला घातले. दोन वर्षे तिथे हात बसला. मग लंडनजवळच्या सिडनहॅम येथे दोन वर्षे चित्रकलेचे शिक्षण झाले. परत आल्यावर काही वर्षे तो कार्तिए, बुशराँ अशा बड्या पेढ्यांना दागिन्यांची चित्रे काढून देत असे. दागिना पेढीच्या नावावर खपायचा. चित्र काढणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊकही नसायचे. १८८५ साली त्याने एक चालता कारखाना स्वतःच्या ताब्यात घेतला आणि तिथून त्याचे स्वतःचे काम सुरू झाले.

त्या वेळचा बाजार कसा होता तेही पाहा. १८६७ पासून दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले, आणि पाठोपाठ किंबर्लीच्या खाणी सुरू झाल्या. एकेकाळी हिरा म्हटला की आपला गोवळकोंडा, नंतर ब्राझील. हिरा दुर्मिळ होता. आता तो पोत्याने येऊ लागला म्हटले तरी चालेल. हिरा मुबलक झाला तशी कारागिरी मागे हटली. जितके हिरे दाटीने बसविता येतील तितके बसवायचे, की झाला दागिना. सोने दिसता कामा नये, आणि घडविणाऱ्याचा हात तर त्याहून दिसता कामा नये.

लालीकने इथेच वाट बदलली. आणि ती बदलण्याचे धैर्य त्याला ज्या अनेक गोष्टींनी दिले, त्यांतली एक फार दूरच्या देशातून आली होती. तो देश म्हणजे जपान.

जपानने शेकडो वर्षे परदेशीयांना दारे जवळजवळ बंदच ठेवली होती. १८५४ च्या तहाने ती उघडू लागली. पुढे पॅरिसला १८६७ आणि १८७८ साली मोठी प्रदर्शने भरली, त्यांत जपानी वस्तू मांडल्या गेल्या आणि लोक खुळावून गेले. डोंगर, लाटा, वाकलेले पाइन वृक्ष असलेली चित्रे. भांड्यांवर बोरूची पाने, शेवंती, बेडूक, टोळ. यातच आणखी एक माल येऊन पडला. १८७६ साली जपान सरकारने सामान्य माणसाला तलवार बाळगण्याची बंदी केली. तलवारीच्या मुठी आणि मुठीखालच्या चकत्या घडविणारे पिढीजात कसबी एका फटक्यात बेकार झाले. त्यांच्या हातच्या जुन्या चकत्या युरोपच्या बाजारात आल्या. लोखंड, तांबे, काळपट मिश्रधातू, त्यावर गवताची एक काडी आणि काडीवर बसलेला एखादा किडा! सोन्याचा अंश असलाच तर नखाएवढा. पण पाहणाऱ्याची नजर हटत नसे.

(आपल्याकडेही असा प्रसंग आला होता, हे वडीलधाऱ्यांना आठवेल. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. गावोगावच्या सोनारांच्या मुशी थंडावल्या. चौदा कॅरटची अट १९६६ साली उठली. सुवर्णनियंत्रणाचा सबंध कायदा रद्द व्हायला मात्र १९९० साल उजाडले. फर्मान एका ओळीचे असते. त्याखाली मोडणारा हात घडायला पिढ्या लागलेल्या असतात.)

जपानी कारागिरांपासून युरोपने मुख्य धडा घेतला तो असा, की लहान, क्षुद्र, रोज पायाखाली येणाऱ्या वस्तूकडे नीट पाहावे. तोवर दागिन्यात यायला फुलालाही कुळ लागे. गुलाब चाले, कमळ चाले. लालीकने बांधावरच्या तणाला आत घेतले. आपल्याकडे कोथिंबीर फुलावर आली की छत्रीसारखे पांढरे गुच्छ येतात ना, त्याच कुळातली एक रानवनस्पती तिकडे ओढ्याकाठी माजते. तिच्या छत्र्या त्याने फण्यांवर कोरल्या. काटेरी झुडपे घेतली. कठीण कवचाची रानफळे हिरव्या पानांसकट घेतली. वटवाघूळ, साप, घुबड, भुंगा, कोणालाच त्याने मज्जाव केला नाही. त्याची एक पिन डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. तिच्या टोकाला ओपलचा खडा, आणि त्या खड्यावर गांधीलमाश्या दाटून बसलेल्या, पिकल्या फळावर बसतात तशा. काही लोलकांत आणि गळपट्ट्यांत तर त्याने सबंध देखावाच उभा केला. बर्फ पडलेले रान, झाडांच्या काळ्या खोडांमागे दिसणारे पाणी. दोन बोटांच्या जागेत अख्खा मुलूख!

आता ती शिंगाची फणी. १८९६ च्या सुमारास लालीकने शिंग हाती घेतले. शिंगाच्या फण्या युरोपात पूर्वीपासून होत्याच. पण त्या गोरगरिबांच्या. सुऱ्यांच्या मुठी, गुंड्या, कंदिलाच्या काचेऐवजी लावायचे पापुद्रे, असा शिंगाचा उपयोग. ज्यांनी गुरे पाळली त्यांना शिंग ही काय चीज आहे ते सांगायला नको. उष्णतेने ते मऊ होते, दाबले की पसरते, थंड झाले की दिलेला आकार धरून ठेवते. पातळ तासले तर त्यातून उजेड पाझरतो, मधाच्या रंगाचा. लालीकने नेमका हा उजेड हेरला. पाकळीतून किंवा पिकल्या पानातून ऊन जसे आरपार दिसते, तसे ते हिऱ्यातून दिसत नाही. हिरा उजेड परत फेकतो. शिंग तो आत घेते. पाकळी दाखवायची तर शिंगच हवे, असा त्याचा सरळ विचार होता.

हाच विचार त्याने मिनाकामात नेला. मिना म्हणजे रंगीत काचेची पूड धातूवर वितळवून केलेले काम. ही विद्या आपल्या जयपूरलाही उत्तम आहे. नेहमीच्या मिन्याला खाली धातूचा तळ असतो. लालीकने जो प्रकार नावारूपाला आणला त्यात तळच नसतो. सोन्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी करायची. तिला खालून तात्पुरता पत्रा लावायचा. घरांमध्ये काचेची ओली पूड भरायची. सुमारे आठशे अंशांच्या आंचेत ती वितळवायची. काच आकसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भट्टी. असे अनेकदा झाले, की खालचा पत्रा तेजाबात विरघळवून टाकायचा. उरते ती जाळी आणि तिच्या घराघरांतून अधांतरी तगलेली रंगीत काच. चतुराच्या पंखाला शिरा असतात आणि शिरांमधून पारदर्शक पडदा असतो, अगदी तसेच. एका आंचेत कमीजास्त झाले, एक घर तडकले, की सारी मेहनत पाण्यात. सोने चुकले तर वितळवून पुन्हा करता येते. हे काम चुकले तर कारागिराचे दिवसच वाया जातात.

या सगळ्याचा कळस म्हणजे त्याचा 'चतुर'. १८९७-९८ च्या सुमारास केलेला हा छातीवर लावायचा दागिना. उंची २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. रुंदी त्याहूनही जास्त. सोन्याचे लांब शरीर, मिन्याचे हिरवे-निळे पंख, त्यांवर चंद्रकांत मणी आणि मोजके हिरे. पंख बिजागरीवर हलतात. आणि चतुराच्या जबड्यातून बाहेर येते आहे एक स्त्री, कमरेपर्यंत, हिरवट खड्यात कोरलेली. किडा बाईला गिळतो आहे की बाई किड्यातून जन्म घेते आहे, हे पाहणाऱ्याने ठरवावे. हा दागिना सारा बर्नहार्ट या विख्यात नटीनेही वापरला होता असे सांगतात. तिच्यासाठी त्याने रंगभूमीवरचे दागिने केले होतेच. हिरे यात आहेत. पण ते चाकरीला आहेत. मालकी पंखांची आहे.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. पाच कोटींच्या आसपास माणसांनी ते पाहिले. लालीकचे दालन त्या प्रदर्शनाचे एक आकर्षण ठरले. पंख असलेल्या स्त्रियांची कांशाची जाळी, वर राखी रेशमी छत, त्यावर वटवाघळे, आणि खाली शिंगाचे, काचेचे, मिन्याचे दागिने. लोकांची दाटी हटेना. कालपर्यंत ज्याचे नाव पेढीच्या पाटीआड झाकलेले होते, तो कारागीर आता जगाला ठाऊक झाला.

आक्षेप घेणारेही होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. वीतभराचा दागिना अंगावर घालून बसायचे कसे, उठायचे कसे? साप आणि वटवाघळे गळ्यात कोण घालणार? आणखी एक गोष्ट आपणही लक्षात ठेवावी. शिंग गरिबाचे असले तरी फणी श्रीमंताचीच होती. कसब महाग होते, आणि लालीकच्या दुकानाची पायरी सामान्य माणूस चढत नव्हता. पुढे नकला करणारे निपजले. त्यांनी चतुर आणि फुलपाखरे साच्यातून काढून स्वस्तात विकली, आणि बाजाराला त्या आकारांचा वीट आला.

लालीक मात्र बाजारावर रुसून बसला नाही. मिन्याच्या निमित्ताने काचेशी त्याची गट्टी जमलेलीच होती. कोती या अत्तरवाल्यासाठी त्याने काचेच्या कुप्या केल्या, १९०९ साली पॅरिसजवळ काचेचा कारखाना भाड्याने घेतला, आणि १९१२ नंतर दागिन्यांचे काम मागे टाकून तो काचेकडेच वळला. १९२१ साली आल्सास प्रांतात मोठा कारखाना सुरू केला. जो साचा दागिन्यांच्या मुळावर आला, तोच त्याने काचेत हाताशी धरला. कुपी, पेला, फुलदाणी यांच्या रूपाने त्याचे काम कितीतरी अधिक घरांत गेले. १९३३ साली जपानची राजधानी टोकियो येथे राजपुत्र आसाका यांचा वाडा बांधला गेला, त्याच्या दर्शनी दारात लालीकच्या काचेतल्या पंखवाल्या स्त्रिया उभ्या राहिल्या. जिथून धडा घेतला त्या देशाच्या दारी त्याचे काम असे पोहोचले. १९४५ साली तो वारला.

आणि ते दागिने? कालूस्त गुलबेंकियान नावाचा एक आर्मेनियन धनिक होता, तेलाच्या व्यापारात गडगंज झालेला. १८९९ पासून पुढे जवळजवळ तीस वर्षे त्याने लालीककडूनच थेट दीडशेच्या आसपास वस्तू घेतल्या. त्यांतल्या बहुतेक अंगावर घालण्यासाठी नव्हेत, जपून ठेवण्यासाठी. तो १९५५ साली वारला. त्याचा संग्रह पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरी १९६९ साली उघडलेल्या संग्रहालयात आहे. चतुर तिथेच आहे. सोन्याचा कोंबडा तिथेच आहे.

आता लिलाव आणि ही फणी शेजारी ठेवून पाहा. सम्राज्ञीचा साज हिऱ्यांचा होता, तो तुटला. फणी शिंगाची होती, ती राहिली. शिंगाची फणी मोडून मिळणार काय? मूठभर भुगा. तिची सगळी किंमत घडणीत, म्हणून मोडण्याची कोणाला बुद्धी झाली नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, कुठले फ्रान्स आणि कुठले आपण! पण क्षणभर आपल्या घरातला डबा उघडा. जोंधळी पोत आहे का? ती ज्वारीच्या दाण्यांवरून घडली. बोरमाळ बोरांवरून. बकुळीहार बकुळीच्या फुलांवरून. चिंचपेटीच्या नावातच चिंच आहे. कोल्हापुरी साजात पाने पाहा. कारले आहे, मासा आहे, भुंगा आहे, कमळ आहे. पायातली मासोळी तर नावातच पोहते. युरोपात १९०० च्या सुमारास बांधावरचे तण दागिन्यात आले याचे केवढे कौतुक झाले! आपल्या सोनाराने शिवारातले धान्य आणि परसातले फळ न बोलता गळ्यात आणून ठेवले होते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, एवढाच फरक.

फरक आणखी एक आहे, आणि तो जिव्हारी लागणारा आहे. आपला दागिना सोन्याचा. तो बाईचे स्त्रीधन, दुष्काळातला आधार, मुलीच्या लग्नातली तरतूद. गरज पडली की तो मोडतो, आणि मोडावाच लागतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्यासाठीच तर तो जपलेला असतो. पण मुशीत सोने जाते त्याबरोबर दाणा घडविण्याची रीतही जाते. पुढच्या पिढीला सोने परत मिळते, साच्यातल्या नव्या नमुन्यात. जोंधळ्याचा तो दाणा परत मिळेलच असे नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. चित्रकलेच्या एखाद्या तासाला मुलांना सांगा, की घरी आजीच्या किंवा आईच्या अंगावरचा एक जुना दागिना नीट पाहा आणि वहीत त्याचे चित्र काढा. दागिना शाळेत आणायचा नाही. वजन विचारायचे नाही, लिहायचेही नाही. चित्राखाली तीनच गोष्टी लिहायच्या: दागिन्याचे नाव, तो कोणत्या धान्यावरून, फळावरून किंवा फुलावरून घडला, आणि तो घडविणारा सोनार कोणत्या गावचा होता हे आजीला आठवत असेल तर ते. गावात म्हातारे सोनार असतील तर एखाद्याला शाळेत बोलवा. तारेतून दाणा कसा होतो, डाग कसा देतात, हे मुलांना त्यांच्या तोंडून ऐकू द्या. वर्षाअखेर ती चित्रे एका वहीत शिवून शाळेच्या कपाटात ठेवा. पुढे कधी त्यातली एखादी पोत मोडायची वेळ आलीच, तर सोने घराच्या कामी येईल, आणि दाणा कसा होता ते वहीत राहील.